सामाईक मोकळी जागा, कमी पाणी आणि लॉनचा प्रश्न: सुरुवात कुठून करायची?

अंगण
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. आमच्या वसाहतीच्या मधोमध सगळ्यांची मिळून एक मोकळी जागा आहे, साधारण दोन हजार चौरस मीटर. त्यातल्या बाराशेवर लॉन, बाकी पेव्हर ब्लॉकच्या वाटा, बाक, कडेनं जुनी मोठी झाडं आणि मधे एक कारंजं जे बहुतेक वेळ बंदच असतं. मुलं इथेच खेळतात, म्हातारी माणसं इथेच फेऱ्या मारतात, त्यामुळे सगळ्यांचा जीव या जागेवर आहे आणि भांडणंही याच जागेवरून होतात. उन्हाळ्यात घरात पाणी कमी आणि बाहेर स्प्रिंकलर फिरतोय हे बघून लोक चिडतात, आणि त्यांचं चिडणं बरोबरच आहे.

आता जागा नव्यानं करायचं ठरलंय. मीटिंगमध्ये तीन मतं पडली. एक गट म्हणतो लॉन उपटा आणि कृत्रिम हिरवळ अंथरा. दुसरा म्हणतो सगळीकडे खडी टाका, चार निवडुंग लावा, विषय संपला. तिसरा म्हणतो आहे तसंच राहू दे, फक्त ठिबक करून घ्या. लँडस्केपवाल्यांकडून जो पहिला आराखडा आलाय त्यात रंगीत चित्रं सुंदर आहेत पण पाणी किती लागेल याचा हिशेब कुठेच नाही.

मला यातलं एकही मनापासून पटत नाहीये. पाणी वाचवायचं म्हणजे जागा उजाड करायची असं का असावं? ज्यांनी अशा जागांवर काम केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी सांगा, सुरुवात नेमकी कुठून करायची?

उन्हाची_तिरीप
कृत्रिम हिरवळ नको म्हणजे नकोच. भर उन्हात त्यावर अनवाणी पाय ठेवून बघा. खरं गवत पानांतून वाफ सोडून स्वतःला थंड ठेवतं, प्लास्टिकला ती सोय नाही, ते नुसतं तापत राहतं. शेवटी मुलांना बाहेर काढायच्या आधी त्यावर पाणी मारायची वेळ येते. मग वाचलं काय?

पाणसळ
मी साइटवरच असतो, त्यामुळे माझं उत्तर झाडांपासून सुरू होत नाही, लेव्हलपासून सुरू होतं. धाग्यात सगळे लॉन की खडी असं बोलतायत, पण त्याआधीचा प्रश्न असा की पाऊस पडला की तुमच्या जागेतलं पाणी जातं कुठे?

बहुतेक ठिकाणी काय करतात तर वाफे उंच बांधतात, चारी बाजूंनी कठडा, वर मातीचा ढीग, आणि वाटा खाली. पाऊस आला की वाफ्यातलं पाणी माती घेऊन वाटेवर, वाटेवरून गटारात, आणि दुसऱ्या दिवशी माळी त्याच वाफ्याला नळी लावून उभा. हे उलटं करायचं. वाट वर आणि वाफा खाली, चार बोटं असला तरी चालेल, दहा-पंधरा सेंटीमीटर असला तर उत्तम. वाटेचा ढाळ वाफ्याकडे. कठडा हवाच असेल तर मधे मधे फूट-दीड फुटाची तोंडं ठेवायची पाणी आत यायला, आणि तोंडाच्या आतली जमीन वाटेपेक्षा दोन इंच तरी खाली, नाहीतर पहिल्याच पावसात तिथे पालापाचोळा अडकून दार बंद होतं. तोंडाशी थोडे दगड बसवायचे म्हणजे पाण्याच्या जोरानं माती उकरली जात नाही आणि गाळही तिथेच बसतो, काढायला सोपा.

एवढं केलंत तर अर्धं काम झालं. झाड कुठलं लावायचं हे त्यानंतर. लेव्हल चुकली तर कितीही कमी पाण्याचं झाड लावा, त्याच्या वाट्याचा पाऊस गटारातच जाणार.

चौकस
@पाणसळ, म्हणजे तुम्ही आमच्या बागेत मुद्दाम डबकी करायला सांगताय. डास? आमच्याकडे आधीच धूर फवारणीवरून वाद आहेत. एकानं जरी 'खोलगट वाफा' म्हटलं तर मीटिंग तिथेच संपेल.

निचरा
डासांची भीती रास्त आहे, पण ती मोजून घ्यायची भीती आहे. डासाला अंड्यापासून उडायच्या अवस्थेपर्यंत यायला साधारण आठवडा ते दहा दिवस साचलेलं पाणी लागतं. पाऊसवाफा म्हणजे पावसाचं पाणी आत घेऊन जिरवणारा हा खोलगट वाफा, तो आखताना नियमच असा धरतात की साचलेलं पाणी एक-दोन दिवसांत जिरून गेलं पाहिजे. तेवढ्यात जिरत नसेल तर त्या जागी पाऊसवाफा करायचाच नाही, किंवा खाली खडीचा थर आणि भोकं पाडलेला निचऱ्याचा पाइप टाकायचा. उलट गच्च तुंबलेल्या गटाराच्या चेंबरमध्ये आणि कुंड्यांच्या खालच्या ताटल्यांत आठवडेच्या आठवडे पाणी असतं, तिकडे कोणी बघत नाही.

तपासायला खर्च नाही. जिथे वाफा करायचाय तिथे फूटभर खोल खड्डा खणा, पाण्यानं भरा, जिरू द्या. कोरडी माती पहिलं पाणी पटकन पिते, त्यावर विश्वास ठेवू नका. दुसऱ्यांदा भरा आणि आत पट्टी उभी करून तासाला किती उतरतंय ते लिहा. तासाला अडीच सेंटीमीटर उतरलं तर पंधरा सेंटीमीटर पाणी सहा तासांत गायब. सेंटीमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असेल तर खालून निचरा द्यायचा विचार करा. आणि एकाच जागी खणून थांबू नका, चार कोपऱ्यांत चार वेगळी उत्तरं मिळतात.

मातकट
आणि खड्डा खणताना माती बघा, वास घ्या, हातात मळून बघा. लांब वळी होत असेल तर चिकण. चिकण मातीत लोक वाळू मिसळतात, ते करू नका, थोड्या वाळूनं माती मोकळी व्हायच्याऐवजी आणखी घट्ट होते. कुजलेलं खत घाला, भरपूर.

हिशेबी
पाण्याचा हिशेब आराखड्यात नाही म्हणालात ना, मग आपणच करू. तुमचेच आकडे घेतो.

कोरड्या गरम दिवसांत जमीन आणि झाडं मिळून दिवसाला जेवढं पाणी वाफेनं उडतं तो आकडा समजा ६ मिलिमीटर. (तुमच्याकडे नक्की किती ते हवामान खात्याच्या किंवा शेतकी नोंदींत मिळतं.) एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर म्हणजे बरोबर १ लिटर, एवढं एक लक्षात ठेवलं की पुढचं सगळं तोंडी होतं. लॉनला त्याच्या साधारण ०.७ पट लागतं, म्हणजे ४.२ लिटर. स्प्रिंकलरचं बरंचसं वाऱ्यावर आणि वाटेवर जातं, त्याची कार्यक्षमता ७० टक्के धरा. झाले ६ लिटर. गुणिले बाराशे, दिवसाला ७,२०० लिटर!

आता लॉन चारशे चौरस मीटरच ठेवा, जिथे मुलं खरंच खेळतात तिथे. त्याला २,४०० लिटर. उरलेल्या आठशेवर कमी पाण्याची झुडपं आणि गवतं, त्यांना ०.२५ पट पुरतं, ठिबकची कार्यक्षमता ९० टक्के, म्हणजे १.६७ लिटर गुणिले आठशे, सुमारे १,३३० लिटर. एकूण ३,७०० च्या घरात. जागा हिरवीच राहिली आणि पाणी जवळपास निम्मं झालं. बाराशेच्या बाराशे लॉनला नुसतं ठिबक लावून हे होणार नाही, कारण गवताची तहान तेवढीच राहते.

अंगण
@हिशेबी, हे तर मी प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावणार आहे! एक शंका, ०.२५ आणि ०.७ हे आकडे कुठून येतात?

हिशेबी
झाडांच्या तहानेचे गट केलेले असतात. कॅलिफोर्नियात हजारो झाडांची अशी यादी आहे, तिच्यात कमी पाण्याच्या झाडांना ०.१ ते ०.३, मध्यम ०.४ ते ०.६, जास्त ०.७ ते ०.९ असं धरतात. यादी जशीच्या तशी दुसऱ्या हवामानाला लागू नाही, पण विचार लागू आहे: एकाच व्हॉल्व्हवर एकाच तहानेची झाडं. तहानलेलं आणि न तहानलेलं शेजारी शेजारी लावलं की पाणी तहानलेल्याच्या हिशेबानं सोडावं लागतं आणि दुसरं मुळं कुजून मरतं.

खेळकर
लॉनला सगळेच झोडपतायत म्हणून लिहितो. मुलांना पडायला, लोळायला, बॉल मागे धावायला गवतच लागतं. झुडपांत क्रिकेट कसं खेळणार? लॉन हटाव म्हणताना हे कोणाच्या लक्षात राहत नाही.

बी_बियाणे
@खेळकर सहमत, आणि जिथे पाण्याची खरीच टंचाई आहे तिथल्या लोकांनीही हाच फरक केलाय. लास वेगास भोवतीचा पाणीपुरवठा विभाग लॉन काढणाऱ्यांना बरीच वर्षं पैसे देतोय. त्यांनी घरांच्या अंगणांत मोजमाप केलं तेव्हा लॉनला वर्षाला चौरस फुटामागे ७३ गॅलन आणि वाळवंटी झाडांच्या बागेला सुमारे १७ गॅलन लागले, म्हणजे ७६ टक्के बचत. आपल्या मापात चौरस मीटरला साधारण २,९७० लिटर आणि ७०० लिटर. २०२१ मध्ये तर तिथल्या नेवाडा राज्यानं कायदाच केला की २०२७ पासून कोलोरॅडो नदीचं पाणी नुसत्या शोभेच्या लॉनला द्यायचं नाही. म्हणजे रस्त्याच्या दुभाजकावरचं, ऑफिसांसमोरचं, ज्यावर कापणाऱ्याशिवाय कोणी पाय ठेवत नाही ते. खेळाची मैदानं आणि बागा त्यातून वगळल्यात. प्रश्न गवत हवं की नको असा नाहीच, त्या गवतावर कोणी खेळतं का हा आहे.

खेळकर
हे पटलं. मग आधी आठवडाभर नुसतं बघा की पोरं नक्की कुठे खेळतात. कोपऱ्यातल्या लॉनवर कोणी फिरकत नसेल तर ते खुशाल काढा.

पाणसळ
फार चांगली सूचना. गवत जिथे झिजलंय तिथे त्याची गरज आहे आणि जिथे गालिच्यासारखं दिसतंय तिथे बहुधा नाही.

शिट्टी
मुलांवरून आठवलं. ढाळ कुठे आहे ते शोधायचा सगळ्यात आनंदी उपाय म्हणजे पहिल्या मोठ्या पावसात पोरांना कागदाच्या होड्या द्या आणि कुठली होडी कुठे जाऊन अडकते ते नकाशावर लिहून घ्या. आम्ही असंच केलं होतं. सर्व्हेवाल्याचा कागद येईपर्यंत पोरांनी तीन सखल जागा शोधून ठेवल्या होत्या, आणि नंतर त्या कागदावरही त्याच जागा निघाल्या :) दुसरा फायदा असा की ज्या पोरानं होडी सोडली त्याच्या आईबाबांना मीटिंगमध्ये काही समजावून सांगावं लागत नाही.

उन्हाची_तिरीप
वा! हे आमच्याकडे करणार.

नकाशा
इथे मोठे प्रकल्प कोणी आणले नाहीत अजून, मी आणतो, कारण त्यांतून कल्पना उचलता येतात.

रॉटरडॅममध्ये बेंटेमप्लेन नावाचा चौक आहे, २०१३ मध्ये झाला. तीन खोलगट भाग आहेत. दोन उथळ, ते नेहमीच्या पावसात भरतात, आणि एक खोल, ते खरं तर खेळाचं मैदान आहे, पायऱ्या पायऱ्यांची बैठक असलेलं. जोराचा पाऊस आला तरच तिथे पाणी सोडलं जातं आणि आरोग्याच्या दृष्टीनं जास्तीत जास्त ३६ तासांत काढून टाकलं जातं. सगळं मिळून १७ लाख लिटर मावतं. बाकीचे दिवस पोरं तिथे बास्केटबॉल खेळतात. एकच जागा दोन कामांना, हे मला त्यात सगळ्यात आवडतं.

बँकॉकमधलं चुलालाँगकॉर्न विद्यापीठाचं शताब्दी उद्यान, २०१७, कोचाकॉर्न वोराखोम यांच्या चमूचं काम. अकरा एकरांच्या आसपास जागा आणि अख्खं उद्यानच तीन अंशांत कललेलं. वरच्या टोकाला इमारत आणि तिच्या छपरावर गवत, तिथून पाणी दोन्ही बाजूंच्या पाणथळ वाफ्यांतून गाळत गाळत खाली येतं आणि तळाच्या तळ्यात साठतं. तळ्याकाठी सायकली बसवल्यात, पाय मारले की पाण्यात हवा मिसळते. मधे मोठं मोकळं लॉनही आहे बरं का @खेळकर.

आणि सिंगापूरचं बिशान-आंग मो किओ उद्यान. तिथे कालांग नदी काँक्रीटच्या सरळ नाल्यात कोंबलेली होती, २.७ किलोमीटरचा नाला. तो फोडून ३.२ किलोमीटरची वळणं घेत जाणारी नदी केली, काठ हळूहळू उतरते, दगड आणि झाडांच्या मुळांनी धरलेले. २०१२ मध्ये उघडलं. पाणी वाढलं की ते बागेत पसरतं आणि लोक वर चालत जातात, त्यासाठी भोंगे आणि दिवेही आहेत. पाऊस नसताना तोच काठ लोकांचा.

चौकस
वाचायला छान वाटलं पण ही सगळी सरकारी पैशाची आणि शेकडो माणसांची कामं. दोन हजार चौरस मीटरवाल्यानं यातून काय घ्यायचं? आणि दुसरं, चीनमध्ये पाऊस शोषून घेणाऱ्या 'स्पंज शहरां'चा एवढा गाजावाजा झाला, झेंगझोउमध्येही त्यावर मोठा खर्च झाला होता, आणि २० जुलै २०२१ ला तिथे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. भुयारी रेल्वेत पाणी शिरून माणसं गेली. पाऊसवाफे आणि सच्छिद्र फरशा काय करणार होत्या?

नकाशा
त्या दिवशी झेंगझोउमध्ये एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडला. असल्या पावसासाठी कुठलाही वाफा आखलेला नसतो आणि आखणाऱ्यानं तसं सांगूही नये. स्पंज शहरांची कल्पना मांडणाऱ्या यू कोंगज्यान यांचं म्हणणं मुळात असं होतं की पाण्याला पाइपात कोंडून पळवण्यापेक्षा त्याला पसरायला, थांबायला, मुरायला जागा द्या. ती जागाच बांधकामाखाली गेली असेल तर मग वाफ्यांवर सगळा भार टाकता येत नाही. म्हणून तुमचं म्हणणं मी असं वाचतो की ओव्हरफ्लो आधी आखा. रोजच्या पावसासाठी वाफा, आणि वेड्या पावसासाठी पाण्याला सुरक्षित वाट, जी कोणाच्या घरात किंवा लिफ्टच्या खड्ड्यात जाणार नाही.

चौकस
हे मान्य. हे वाक्य आराखड्यात लिहून घ्या म्हणजे झालं.

बी_बियाणे
छोट्या जागेचं उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतलं टूसॉन बघा. वाळवंटी गाव, वर्षाचा पाऊस ३०० मिलिमीटरच्या आतबाहेर. तिथल्या एका वस्तीत शेजाऱ्यांनी मिळून रस्त्याकडेला झाडं लावायला घेतली, पाणी कुठलं तर रस्त्यावरून वाहून जाणारं. फुटपाथच्या कठड्याला तोंडं पाडली आणि मागे खोलगट आळी केली. सुरुवातीला हे बिनपरवाना होतं, नंतर शहरानंच त्याला परवानगी दिली. पुढे २०१० पासून नव्या व्यावसायिक इमारतींना बागेच्या पाण्यातलं निम्मं पावसातूनच भागवायचा नियम आला. @पाणसळ वर म्हणतायत तेच तंत्र आहे सगळं, तोंड पाडा आणि आत जमीन खाली ठेवा.

मातकट
कोणी आच्छादनाबद्दल बोललंच नाही अजून! माझ्या मते लेव्हलच्या खालोखाल तेच. उघडी माती म्हणजे पाण्याची उघडी खिडकी. पाच ते आठ सेंटीमीटर जाडीचा पालापाचोळ्याचा किंवा लाकडाच्या तुकड्यांचा थर द्या, मात्र खोडाला टेकवू नका, बोटभर नाही, चांगली वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर साल कुजते.

आणि या विषयावर मी जरा तावातावानं बोलतो, माफ करा, पण झाडाखालचा पाला रोज झाडून, पोत्यात भरून, ट्रकमध्ये टाकून बाहेर पाठवायचा आणि मग बाहेरून खत विकत आणायचं, हे मला कधीच समजलं नाही. झाडानं स्वतःसाठी तयार केलेलं जेवण आपण रोज उचलून नेतो. आमच्या समितीत यावरून जोरदार वाद झाला, 'अस्वच्छ दिसतं' म्हणून. शेवटी तोडगा असा निघाला की वाटा रोज स्वच्छ झाडायच्या, वाफ्याच्या कडा नीट कापलेल्या सरळ ठेवायच्या, आणि आत पाला तसाच. कड नीट असली की आतला पाला लोकांना व्यवस्थित वाटायला लागतो. ही गोष्ट कुठल्याही आराखड्यात नसते पण यानेच आमचं काम टिकलं.

शांत_वादळ
खडीवाल्या गटासाठी दोन शब्द. खडी हे वाईट आच्छादन नाही. इंग्लंडमध्ये एसेक्समधली बेथ चॅटो यांची खडीतली बाग प्रसिद्ध आहे, ती मुळात गाड्या लावायची जागा होती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला केली आणि झाडं रुजल्यानंतर तिला पाणी दिलंच जात नाही. पण बघा, आधी दाबलेली जमीन फोडली, कुजलेलं खत मिसळलं, कोरड्या प्रदेशातली झाडं निवडली, दाट लावली, आणि मग वर खडी. आपल्याकडे खडीवाले लोक फक्त शेवटची पायरी करतात. खाली प्लास्टिक, वर खडी, आणि मधे एकटं झाड. ती जागा दुपारी तापते, रात्री उष्णता सोडते, आणि दोन-तीन पावसांनंतर खडीत धूळ बसून तण उगवतंच.

आणि 'कमी पाण्याचं झाड' म्हणजे पहिल्या दिवसापासून कमी पाणी असं नाही. पहिली एक-दोन वर्षं त्याला मुळं खाली नेण्यासाठी खोलवर, पण अंतरानं पाणी द्यावंच लागतं. रोज थोडं थोडं शिंपडलं की मुळं वरच राहतात आणि मग ते झाड कायमचं नळीवर अवलंबून. या दोन वर्षांचं पाणी बजेटात धरलेलं नसतं म्हणून निम्मी रोपं मरतात आणि मग लोक म्हणतात हे डिझाइनच चुकीचं.

नळी
जुन्या मोठ्या झाडांबद्दल, कारण अंगण यांच्याकडे ती आहेत. खोडाशी नळी सोडून ठेवतात, त्याचा उपयोग नाही. पाणी शोषणारी बारीक मुळं लांबवर, फांद्यांच्या पसाऱ्याच्या कडेला आणि त्याच्याही पलीकडे असतात, आणि बहुतेक वरच्या दोन फुटांत. आळं करायचं तर तिथे. आणि पाऊसवाफा खणताना त्या मुळांत जेसीबी घालू देऊ नका. तसंच मूळ जमिनीवर फूटभर नवी माती चढवूही नका, मुळं गुदमरतात. हे सगळं कामावरच्या माणसाला सांगितलेलं नसेल तर तो करणारच.

निळाई
सांडपाणी शुद्ध करून वापरायचा पर्याय कोणी सुचवला नाही? आमच्याकडे आहे.

निचरा
@निळाई चांगला पर्याय आहे, दोन गोष्टी सांभाळून. त्यात क्षार आणि सोडियम जास्त असतं, पानांच्या कडा जळतात आणि चिकण माती हळूहळू पाणी प्यायचं सोडून देते. म्हणून वर्षातून माती तपासून घ्या, आणि पावसाच्या पाण्यानं अधूनमधून धुऊन निघेल असं बघा. दुसरं म्हणजे फवारा नको, जमिनीलगत ठिबक, कारण तिथे लहान मुलं आहेत. पाइपाचा रंग वेगळा ठेवा, पुष्कळ देशांत जांभळा वापरतात, म्हणजे चुकून कोणी पिण्याच्या लाइनला जोडणार नाही. फिल्टर मात्र नियमानं धुवावे लागतात, शेवाळ धरून ड्रीपरची तोंडं बुजतात.

निळाई
फिल्टरचं अगदी खरं. आमच्याकडे ते काम कोणाचं हेच ठरलेलं नव्हतं, मग माळ्यानं ठिबक बंद करून पुन्हा नळी धरली.

पाणसळ
हेच लिहायला आलो होतो. हस्तांतराच्या दिवशी माळ्याला चावी देतात, आराखडा देत नाहीत. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या वाफ्याचा, कधी किती वेळ, ऋतू बदलला की काय बदलायचं, पाऊस पडला की टायमर बंद करायचा, हे एका कागदावर, त्याला वाचता येईल अशा भाषेत, पंपाच्या खोलीत लावलेलं पाहिजे. आणि आराखडा ठरताना माळ्याला मीटिंगमध्ये बसवा. त्या जमिनीत पाणी कुठे थांबतं हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

चौकस
कारंज्याचं काय करायचं ते कोणी बोललं नाही.

हिशेबी
टाकी शाबूत असेल तर तीच जवळच्या छपराच्या पाण्याची साठवण करा, वर झाकण पक्कं, जाळी बारीक, आणि पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर काढायची सोय. झाकणावर बाक. आणि पाऊसवाफा किती मोठा लागेल तेही सांगून टाकतो: सहाशे चौरस मीटर पेव्हर आणि छपराचं पाणी आत घ्यायचं ठरवलं आणि २५ मिलिमीटरची सर आली तर १५,००० लिटर, त्यातलं दहा टक्के जाईल, उरलं १३,५००. पंधरा सेंटीमीटर खोलीचा वाफा धरला तर ९० चौरस मीटर जागा पुरते. एक सलग वाफा नको असेल तर तीन-चार ठिकाणी वाटून द्या.

अंगण
मंडळी, खूप खूप आभार. खड्डे खणून पाहिले. मागच्या कोपऱ्यात, जुन्या झाडांपासून जरा दूर, दुसऱ्यांदा भरल्यावर तासाला दोन सेंटीमीटर उतरतंय. पण फाटकाजवळ, जिथे होड्यांच्या हिशेबानं सगळं पाणी येतं, तिथे पाणी हलतच नाही. खाली बांधकामाच्या वेळचं डबर निघालं, विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे. आता पाणी येतं एकीकडे आणि जिरतं दुसरीकडे, काय करू?

निचरा
दोन सेंटीमीटर चांगलं आहे, पंधरा सेंटीमीटर आठ तासांच्या आत जाईल. फाटकाजवळचं डबर काढून बघा, बहुतेक वेळा ते फूट-दोन फूटच असतं आणि खाली चांगली माती निघते. खाली पण घट्टच लागलं तर तिथे फक्त छोटं गाळ बसायचं आळं ठेवा आणि पाणी तिथून उथळ चरानं मागच्या कोपऱ्यात न्या.

पाणसळ
चराला शंभर फुटांत एक-दोन फुटांचा ढाळ पुरे. जास्त उतार असेल तर मधे दगडांचे ठेंगणे आडवे बांध घाला, पाणी थबकत जाईल आणि वाटेतही मुरेल. चराचा काठ गवतानं धरून ठेवा, वाळ्यासारखं खोल मुळांचं गवत चालेल. वाफ्याच्या तळाशी मात्र अशी झाडं हवीत ज्यांना दोन दिवस पाण्यात आणि दोन महिने कोरडं दोन्ही चालतं, नुसती पाणथळ झाडं तिथे उन्हाळ्यात मरतात. आणि इमारतीच्या पायापासून वाफा तीन मीटर तरी लांब ठेवा, त्याहून जास्त ठेवता आला तर बरंच.

अंगण
आणि लँडस्केपवाल्यांकडे परत जाताना नेमकं काय मागू?

हिशेबी
दोन कागद. एक, लेव्हल दाखवणारा नकाशा ज्यावर पाणी कुठून कुठे जातं त्याचे बाण आहेत आणि ओव्हरफ्लो कुठे निघतो ते आहे. दोन, महिनावार पाण्याचं कोष्टक, पहिल्या दोन वर्षांचं वेगळं आणि नंतरचं वेगळं. चित्रं नंतर.

नळी
आणि वेळापत्रक. खोदकाम, ढाळ, चर, ओव्हरफ्लो पावसाच्या आधी, लावणी पावसाच्या तोंडावर. उलटं झालं तर नवी रोपं गाळाखाली जातील.

अंगण
लिहून घेतलं. रविवारच्या मीटिंगला माळीदादांनाही बोलावलंय, ओव्हरफ्लो फाटकाकडे काढायचा की मागच्या नाल्यात हे त्यांच्यासोबत जागेवर जाऊनच ठरवू. लेव्हलचा नकाशा हातात आला की इथेच टाकते.

पाणसळ
टाका. मागच्या नाल्याचा तळ वाफ्याच्या तळापेक्षा खाली आहे ना, तेवढं मात्र मीटिंगच्या आधी मोजून घ्या.